परदेशी प्रेमाला आमची हरकत नाही

“ह्यांच्यात पोरगा कुनाचा, हे कुनीच कसं इचारीत न्हाई गं?” सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या. पडद्यावर पॅरिसमधल्या एका पुलावर दोघं बिलगून उभी होती. “घरदार न्हाई, गाव न्हाई. नाव सांगितलं का लगीच मिठी.”

प्रेम ही मानवजातीची सर्वोच्च भावना आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. फक्त ती भारताच्या हद्दीबाहेर व्हावी, असं सर्वसाधारण मत आहे.

म्हणून देवळाली प्रवरातल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी, जेवणं उरकली की, परदेशी प्रेमपट लागतो. हजर सदस्य असे: आमचे हे (राधाकृष्ण, ऊस आणि चार म्हशी), धाकटे दीर श्रीमंत भाऊजी (नावापुरते), सासूबाई छबूबाई, मुलगी सृष्टी आणि मी. माझं शिक्षण नववी. इंग्रजी मी सिनेमाच्या खाली येणाऱ्या ओळींवरून शिकले. त्यामुळे ‘तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही’ हे मला अस्खलित येतं, पण ‘पोस्ट ऑफिस कुठे आहे’ हे विचारता येत नाही. त्या ओळी सासूबाईंना मराठीत मोठ्याने सांगणं हे माझ्याकडचं खातं.

इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझी काही मतं बनली आहेत. फ्रेंच लोक प्रेमाबद्दल इतकं बोलतात की प्रेम करायला वेळ उरत नाही. (आमच्याकडे याबाबत कधीच चर्चा झाली नाही, आणि दोन मुली झाल्या.) कोरियन लोकांत प्रेम ठरायला सोळा भाग लागतात आणि मुलाची आई पोरीच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते. यावर सासूबाईंचा आक्षेप फक्त पाण्याबद्दल असतो. इराणी सिनेमात कोणी कोणाला हात लावत नाही. दोघं एका झाडाकडे बघतात, आणि तेवढ्यात आपल्याला सगळं कळतं. तो प्रकार ह्यांना फार आवडतो, कारण त्यात नवऱ्याला काही करावं लागत नाही. बर्फाळ देशांतले प्रेमी गप्प बसतात, बर्फ पडतो आणि सिनेमा संपतो. इंग्लंडातले जुन्या काळचे लोक मात्र आम्हाला घरचे वाटतात. तिथे चहा यायच्या आत मुलाची जमीन किती, ते विचारतात.

सिनेमा संपला की या दोघांचं लग्न व्हावं की नाही, यावर हात वर करून मत घेतलं जातं. आजवर एकही प्रेम आम्ही नामंजूर केलेलं नाही. एकदा एका सरदाराच्या मुलीचं घोडे सांभाळणाऱ्यावर प्रेम बसलं आणि बापाने दार लावून घेतलं. तेव्हा श्रीमंत भाऊजींनी पुढ्यातली भजी बाजूला सारली. “असल्या बापाला बाप म्हनायचं का?” ते म्हणाले. हे म्हणाले, “मानूस बघावा. बाकीचं काय घिऊन बसायचं?” सगळ्यांचे डोळे ओले होते. भजी नंतर खाल्ली.

मराठी सिनेमे आम्ही बंद केले आहेत. अधिकृत कारण दर्जा. खरी अडचण अशी की मराठी सिनेमात दहाव्या मिनिटाला आडनाव कळतं. मग तो सिनेमा राहत नाही, स्थळ होतं. सासूबाई गाव विचारतात, भाऊजी त्या गावातला पाहुणा शोधून काढतात आणि नायक दोनदा गाणं म्हणून मोकळा झाला तरी इकडे पसंती झालेली नसते. पॅरिसच्या माणसाचं आडनाव वाचून आपल्याला काहीच कळत नाही. त्यामुळे नुसतं प्रेम बघता येतं. याला जागतिक दृष्टी म्हणतात.

आता सम्राटबद्दल.

सृष्टी राहुरीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. शेजारच्या टेबलावर सम्राट असतो. तो राहात्याचा. त्याने जगभरचे सिनेमे बघितलेत, हे कळल्यावर आम्हीच त्याला बोलावून घेतलं. पहिल्या रविवारी तो पेन ड्राईव्ह घेऊन आला. पायरीवर चप्पल काढत होता, तेवढ्यात सासूबाईंनी आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. मग घरात सगळे एकदम सिनेमावर बोलू लागले. चहा झाला. कप सगळ्यांसारखाच दिला. (हे मला सांगावंसं वाटलं, यावरून काय ते समजा.)

पोरगा गुणाचा. सासूबाईंना दिसावं म्हणून स्वतः मागे बसायचा. माझी एखादी ओळ चुकली तर सगळ्यांसमोर बोलायचा नाही, जाताना हळूच सांगायचा. एकदा म्हणाला, “काकू, त्यांच्यात पण नावावरून सगळं कळतं बरं का. आपल्याला वाचता येत नाही, एवढंच.”

“लई हुशार हाय,” भाऊजी हसून म्हणाले आणि शेंगदाण्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली.

तो हंगामभर येत राहिला. मग एका रविवारी तो आला नाही आणि जेवताना सृष्टी म्हणाली, “मला सम्राटशी लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर पुढच्या महिन्यात. नाही म्हणालात तर का, ते सांगा.”

हे एवढंच मागणं होतं. पण आमच्याकडे कारणांची टंचाई नव्हती.

हे म्हणाले, राहाता लांब पडतं. (मोठी निकिता सुरतेला दिली आहे.) सृष्टी म्हणाली, आम्ही राहुरीतच खोली घेणार. भाऊजी म्हणाले, उंचीला कमी आहे. (स्वतःच्या लग्नात हार घालायला त्यांना पाटावर उभं केलं होतं.) सृष्टी म्हणाली, “काका, मला त्याच्याकडून आंबे उतरवायचे नाहीत.” मी म्हणाले, नोकरी कंत्राटी आहे. सृष्टीचीही कंत्राटीच आहे, एकाच दिवशी लागलेली. मग भाऊजींनी पत्रिका मागवली. त्यांच्यात पत्रिका काढत नाहीत, असा निरोप आला. तेव्हा पत्रिकाच नाही तर जुळणार कशी, हा मुद्दा एकमताने मंजूर झाला.

यानंतर त्याचा चष्मा, राहात्याचा उन्हाळा आणि तो भात जास्त खातो, यांवर विचार झाला. घरात कोणी आवाज चढवला नाही. पोरगा चांगला आहे, हे वाक्य त्या महिन्यात आमच्या घरात जितकं बोललं गेलं तितकं कोणाही जावयाबद्दल बोललं गेलं नसेल. सृष्टीचं मात्र जेवण कमी झालं. ती प्रत्येक कारणाचं उत्तर आणायची, आणि आम्ही पुढचं कारण काढायचो. ओट्याशी माझ्याजवळ येऊन एकदा म्हणाली, “आई, मी कुणाशी भांडू गं? सगळेच त्याचं कौतुक करताय.” मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

रविवार चुकवत नव्हतो. परवाच्या रविवारी सिनेमा पोलंडचा होता. मुलगी बॅग घेऊन दारात उभी, मुलगा खाली रस्त्यावर, आणि बाप चौकटीला हात लावून उभा. तो काही बोलेना. शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा थांबला.

“काय म्हन्तोय बाप?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आत्याबाई. गप्प उभाय.”

“खाली काय लिवून आलं न्हाई?”

“नाही.”

“मंग मी सांगते. पोरगं लई चांगलं हाय, पन आपल्यातलं न्हाई, असं म्हन्तोय.”

“आई, पिच्चर बघ,” हे म्हणाले.

“पिच्चरच सांगतीय. तू म्हन्तो लांब हाय, त्यो म्हन्तो बुटका हाय, सूनबाई म्हन्ती नोकरी कच्ची हाय. महिना झाला आयकतीय. जात म्हना की. त्वांडातून का निघंना तुमच्या? म्या तर दारातच इचारलं हुतं.”

भाऊजी टीपॉयवरची टरफलं गोळा करू लागले. ती अगोदरच गोळा केलेली होती.

“आजी,” सृष्टीने विचारलं, “तुझं पण तेच म्हणणं आहे?”

“व्हय. माझं बी त्येच हाय.”

सृष्टीने टीव्ही बंद केला. खुर्ची ओढली आणि आजीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. “बरं झालं बोललीस. उंचीशी कसं भांडायचं, ते मला कळत नव्हतं. याच्याशी भांडता येतं.”

मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. (नोकरीचा मुद्दा मी मागे घेतला आहे.)

सासूबाई फक्त ‘जात’ म्हणाल्या. कोणती, ते म्हणाल्या नाहीत. मीही वर कुठे लिहिलेलं नाही, हवं तर पुन्हा वाचून बघा. तुम्हाला ती ‘सम्राट’ या नावावरून, नाहीतर चहाच्या कपावरून कळली होती, आणि तरीही आमच्या घराला तुम्ही आत्तापर्यंत हसत होतात.