सुकाआबांचं बॉलिंगचं माप

आमच्या एरंडोलात सुकाआबांकडे शर्ट शिवायला द्यायचा, तर आधी त्यांना बॉलिंग करून दाखवावी लागते. छाती, गळा, लांबी अशी मापं झाली की आबा टेप गळ्यात टाकतात आणि दाराकडे बोट दाखवतात. "आते चार पावलं पळ नि हात फिराव." बाही जोडतात तो मुंढा काखेत धरतो की नाही, हे उभ्या माणसावर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बँकेत नोकरीला, पोट सुटलेलं. तरी भर बाजारात धावलो आहे. आमचे मॅनेजरसाहेबही सुटले नाहीत.

जगातले सगळे फास्ट बॉलर आबांनी असेच मापून ठेवलेत. नाव मात्र कुणाचं घेत नाहीत. कात्री हातात धरूनच ॲक्शन करतात, गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकतं, आणि विचारतात, "वयख, कोन शे हाऊ?" वेस्ट इंडिजचा तो उंच, पळताना पावलाचा आवाज नाही, पण डावा खांदा लवकर पाडतो. पाकिस्तानचा तो, हात इतका खालून आणतो की "त्यानी बाही कंबरपाशी लावनी पडी." आणि आपला तो, जेमतेम चार पावलं पळणारा, त्याला म्हणे एक बाही लांब लागेल. "बठ्ठास्मा खोट शे." सगळ्यांतच खोट.

मी एकदा वैतागून विचारलं, "मग बिनखोट ॲक्शन कुणाची, आबा?"

"आजून दखी नही."

मागच्या वर्षी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला. दुकानातली काजं-बटणं अक्काच करायच्या. उजवा हात मांडीवरून उचलेना. हलवत ठेवा, नाहीतर कायमचा जाईल, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून आबा रोज चार वाजता दुकानाचं दार लोटून घ्यायला लागले. बायको आजारी आणि हा माणूस दार लावून मॅच बघतोय, असं मी चौकात बोलूनही गेलो. त्याची आता लाज वाटते.

परवा शर्ट न्यायचा राहिला होता म्हणून दार ढकललं. अक्का खुर्चीत, हातात चिंध्यांचा चेंडू. अंगात नवं पोलकं, त्याचा उजवा मुंढाही बॉलिंगच्या मापाने कापलेला. समोर आबा विकेटकीपरसारखे उकिडवे बसलेले.

"वर. आखो वर."

हात थरथरत कानापर्यंत गेला, चेंडू सुटला आणि अक्कांच्याच पायाशी पडला.

"पायमाच पडना," अक्का म्हणाल्या.

आबांनी चेंडू उचलला, परत त्यांच्या मुठीत ठेवला आणि एकेक बोट मिटवलं. मग माझ्याकडे वळले.

"तू इचारं व्हतं ना, भाऊ? हाई दख. खोट नही."