सोजरमावशींचा मल्हारी

सोजरमावशी घराला कुलूप लावायच्या नाहीत. बाहेर निघाल्या की उंबऱ्यात उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आतल्या कुणालातरी कामं सांगायच्या. "मल्हारी, जाऊन येते. शेंगा वाळत घातल्यात, शेळीवर ध्यान ठेव. दूध झाकलंय, मांजर आलं तर हाकल. आन् कालच्यागत डुलक्या घेऊ नको!" मग दार नुसतं लोटून घ्यायच्या आणि पदर खोचून चालू पडायच्या.

मी निलंग्याच्या तहसीलमध्ये कारकून म्हणून बायकोसह बदलून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिले काही दिवस मला वाटत होतं, आत एखादा आळशी घरजावई लोळत असणार. नंतर कळलं, मल्हारी म्हणजे भिंतीतल्या देवळीतला खंडोबा. अंगठ्याएवढा पितळी देव, घोड्यावर बसलेला, भंडाऱ्यानं नखशिखांत पिवळा. मावशींना ना मूल ना बाळ, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. घरात माणसं म्हणजे त्या आणि हा घोडेस्वार.

"अहो मावशी, पण चोर आला तर?" मी एकदा विचारलं.

"येऊ द्या की! ह्याच्याकडं घोडं हाय. चोराकडं हाय का?"

खरं सांगायचं तर त्या घरात चोरण्यासारखं त्या घोडेस्वाराशिवाय काहीच नव्हतं. पण हे मावशींना सांगणार कोण?

कचेरीच्या कामासाठी मला सारखं लातूरला जावं लागे. मी निघालो की मावशी दारातून ओरडायच्या, "बिनघोर जावा भाऊ! त्यो म्होरं गेलाय." एकदा औशाच्या अलीकडं एसटी बंद पडली. रणरणत्या उन्हात बाभळीखाली उभं राहून माझं डोकं उठलं. घरी आलो तो तावातावानं मावशींपुढं उभा राहिलो.

"काय हो, तुमचा मल्हारी पुढं गेला होता ना?"

"गेलता की. म्होरं कायतरी वंगाळ असंल, म्हणून त्यानं तुमाला अडवलं."

"काही वंगाळ नव्हतं! मागची गाडी आमच्या समोरून सरळ निघून गेली."

"तुमी थांबलात म्हणून ती नीट गेली."

आमच्या कचेरीत भल्याभल्यांचे अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवत असे, पण मावशींच्या बोलण्यात मला कधी त्रुटी सापडली नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. उस्मानाबादला जाणारे कागद आता लातूरला जात, आणि जुन्या सवयीनं निम्मे भलतीकडेच पोचत. त्यात पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या, गल्लीत टँकर येऊ लागला आणि त्याच्यामागं घागरी घेऊन पळण्यात बायकांचा दिवस जाऊ लागला. एक दिवस मावशी चिंतातुर चेहऱ्यानं माझ्याकडं आल्या.

"भाऊ, जिल्हा बदलला हे वर कुणी कळवलं का?"

"वर म्हणजे? मुंबईला?"

"मुंबईला काय करायचंय! मल्हारीला! न्हाईतर आपला पाऊस अजून उस्मानाबादच्या नावानंच पडून राहिला असंल."

आणि त्यांनी खरोखरच कापूर लावून, हात जोडून खंडोबाला कळवलं : "तालुका निलंगा त्योच हाय. जिल्हा आता लातूर. नीट ध्यानात ठेव, सारखं सारखं सांगणार न्हाई." पाऊस आला नाही तो नाहीच. मावशी म्हणाल्या, नवीन कारभार आहे, बसायला वेळ लागायचाच. आमच्या कचेरीकडं बघता मला ते पटलं.

मग गल्लीतल्या बायकांनी देव पाण्यात ठेवायला सुरुवात केली. पाऊस पडेपर्यंत देवाला बाहेर काढायचं नाही, गुदमरला की येईल ताळ्यावर, असा सगळा हिशेब. कुणाचा बाळकृष्ण पातेल्यात, कुणाचा गणपती डब्यात. मावशी मात्र खवळल्या.

"प्यायला पानी न्हाई आन् देवाला बुडवून राहिलात? ज्याच्यावर भरवसा हाय त्याला कोंडतं का कुणी? नवरा पगार आणीना म्हणून त्याला हौदात उभा करता का?"

"माझ्या नवऱ्याला करायला पाहिजे," समोरच्या कांताबाई म्हणाल्या. बायका हसल्या, पण देव काही कुणी काढले नाहीत. मावशींचा मल्हारी तेवढा अख्ख्या गल्लीत कोरडा राहिला.

त्याच सुमारास माझी बायको सुमन पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बिलोलीच्या तिच्या माहेरात आई नव्हती. लहानपणीच गेलेली. तेव्हा मावशींनी कुणालाही न विचारता सुमनचा ताबा घेतला. तिला घागर उचलू देईनात, तिच्यासाठी शेंगांचे लाडू वळीत आणि मल्हारीला रोज नवा हुकूम सोडीत : "शेळी ऱ्हाऊ दे. तू ह्या पोरीकडं बघ."

दिवस भरायच्या आतच एका सकाळी सुमनच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मूल आडवं आहे. लातूरला न्या. उशीर करू नका." तहसीलची जीप मिळाली. कांताबाई चपला पायात सरकवत गाडीत चढल्यादेखील. मी मावशींना म्हणालो, "चला."

"मी येत न्हाई. मला हितं काम हाय."

"काम?"

"हाव. जावा तुमी. त्यो हाय तुमच्यासंगं."

माझा असा संताप झाला की सांगता सोय नाही. इतके दिवस पोरी पोरी करायचं आणि वेळ आली की काम! काम कसलं, तर शेंगा निवडायच्या असतील. लातूरला पोचेपर्यंत मी सुमनचा हात धरून बसलो होतो आणि मनातून मावशींवर धुमसत होतो.

दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तो पुढं गेलाय, असं मावशींसारखं म्हणून बघावं असं वाटलं. पण ओठ हलले नाहीत. मावशींचं काळीज मी कुठून आणणार होतो?

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी निलंग्याला आलो, हातात पेढ्यांचा पुडा. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पण विचारायचं धाडस त्यांना होईना.

"मुलगी झाली. सुमनही बरी आहे."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. उन्हातून चालून माझ्या घशाला कोरड पडली होती. म्हटलं, "मावशी, आधी पाणी द्या."

या बाईनं पाण्याला कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पण आता त्या चुळबुळू लागल्या. "थांबा, शेजारून आणते. टँकर आला न्हाई ना."

"शेजारून कशाला? हा काय हंडा काठोकाठ भरलेला!" असं म्हणत मी वाकलो. पाण्यावर भंडारा तरंगत होता आणि तळाशी, घोड्यासकट, मल्हारी.

मावशी खाली बघून बोलल्या. "वाटीत ठेवला असता तर त्याला वाटलं असतं, बाई चेष्टा करून राहिली. म्हणून हंड्यात. घरात पानी तेवढंच व्हतं."

"पण मावशी, तुमचा तर भरवसा..."

"हाय की. धनी आजारी व्हते तवा सगळे म्हणले, देव पाण्यात ठेव. न्हाई ठेवला मी. म्हणलं, त्याला कळतंय. धनी गेले तरी एक शबूद बोलले न्हाई त्याला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आपलं आपल्याला सोसता येतं, भाऊ. माझ्यापुरता भरवसा लई हाय. पन ही बिन आईची पोर. तिच्यासाठी न्हाई पुरला."

मला रडू आलं. लपवलंही नाही.

"तुमीच काढा त्याला भायेर," मावशी म्हणाल्या. "मला त्याला तोंड दाखवाय लाज वाटून राहिली."

मी हंड्यात हात घालून देव काढला आणि रुमालानं पुसून देवळीत ठेवला. मावशी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. तशाच त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनतो?"

"काही नाही. पेढा मागतोय."

मावशी वळल्या. पेढा देवळीत ठेवला. मग हंड्यात तांब्या बुडवून आधी मला पाणी दिलं, आणि नंतर स्वतः, डोळे मिटून, उभ्याउभ्या घटाघटा तांब्याभर पाणी प्याल्या.