सातवी रायफल

खंडेनवमी. सकाळचे साडेदहा. सॉल्ट लेक, तिसरा मजला, माझी बैठकीची खोली. जमिनीवर धुतलेली चादर, चादरीवर सहा रायफली, प्रत्येकीला हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. पाहुणे : शून्य.

चौतीस वर्षं एका इंग्रजी दैनिकाच्या कोलकाता कचेरीत बातमीदारी केली, त्यामुळे वेळ, स्थळ, आकडा असंच सुरू करायची सवय आहे. (आकड्याच्या बाबतीत माझं पुढे काय झालं ते येईलच.)

आधी रायफलींचा खुलासा. त्या लष्कराने मोडीत काढलेल्या, नळ्या बुजवून कायमच्या मुक्या केलेल्या, फक्त कवायतीच्या. धर्मतल्ल्याजवळ हालदारबाबूंचं बंदुकांचं जुनं दुकान आहे. निवृत्तीनंतर एका शनिवारी मी तिथे पंख्याखाली दोन मिनिटं उभं राहायला म्हणून शिरलो आणि एका बऱ्यापैकी मिक्सरच्या किमतीत रायफल घेऊन, रीतसर दाखल्यासकट, बाहेर पडलो. मधल्या काळात हालदारबाबूंनी चहा मागवला होता आणि आम्ही दोन तास सरकारला शिव्या दिल्या होत्या. पुढच्या शनिवारी नुसत्या हाताने कसं जायचं? बघतो बघतो म्हणत महिनाभर चहा प्यायलो आणि दुसरी घेतली.

माझी बायको सुहासिनी तेव्हा नुकतीच पुण्याला मुलाकडे महिनाभर राहायला गेली होती. त्या महिन्याला आता दोन वर्षं झाली आहेत.

भाद्रपदात हालदारबाबू म्हणाले, "कानिटकरबाबू, माल संपला. हल्ली सरकार सगळ्या वितळवून टाकतं. ही शेवटची."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी दुकानच नाही. मुलगा म्हणतो, मोबाइलची कव्हरं विकू."

मी सहावी घेतली. रायफली संपल्याचं मला काही नव्हतं. माझे शनिवार संपले होते.

सुहासिनीला फोन केला.

"सहा?" ती म्हणाली. "आणि ठेवल्यात कुठे?"

"बैठकीत. तुझ्या आईच्या फोटोखाली."

"म्हणजे मेल्यावर का होईना, आईच्या हाताखाली फौज दिलीत."

"खंडेनवमीला शस्त्रपूजा करतोय. लोकांना बोलावणार आहे."

"अहो, तुमच्याकडे येणार कोण? इथल्या मराठी मंडळाशी भांडलात, सोसायटीशी भांडलात, इस्त्रीवाल्याशीसुद्धा भांडलात."

"इस्त्रीवाल्याशी तत्त्वाचा प्रश्न होता."

"जेवलात का?" एवढं विचारून तिने फोन ठेवला.

मी इरेला पेटलो. आपल्याकडे या दिवशी प्रत्येक जण आपापलं हत्यार पुजतो. डॉक्टर असेल तर स्टेथोस्कोप, सुतार असेल तर करवत, घरातली सुरीसुद्धा. म्हणून लिफ्टमध्ये इंग्रजीतून सूचना लावली. तिचा मराठी आशय असा : 'नवमीला सकाळी साडेदहा वाजता श्यामराव कानिटकर यांच्याकडे शस्त्रपूजा. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण. आपापली शस्त्रे बरोबर आणावीत. अल्पोपाहार आहे.'

(आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांतली संदिग्ध वाक्यं लाल पेनाने खोडत आलो. ही माझी स्वतःची.)

पावणेअकराला पाचव्या मजल्यावरची केतकी दारात डोकावली. सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करते, इमारतीतली दुसरी मराठी व्यक्ती.

"काका, ती नोटीस तुम्ही लावलीत? अहो, लोक लिफ्ट सोडून जिन्याने जातायत!"

"तू आत ये. पुऱ्या गरम आहेत."

"नको काका, दुर्गापूजेच्या मंडपात भोगाच्या रांगेत मैत्रिणी थांबल्यात." तीही जिन्यानेच गेली.

अकराला पुन्हा बेल वाजली. दारात आमच्या ठाण्याचे मेजोबाबू, म्हणजे दोन नंबरचे साहेब, आणि मागे दुर्गापूजेच्या बंदोबस्तापुरता बाहेरून मागवलेला एक शिपाई. खांद्यावर रायफल.

"शस्त्रं घेऊन या असं तुम्ही लिहिलंय?" मेजोबाबूंनी विचारलं.

"हो! आणि तुम्ही आणलंत! या, बसा!"

खरं सांगतो, मला भरून आलं. दोन वर्षांत त्या सोफ्यावर कोणी बसलं नव्हतं. मी दाखले दाखवले, मग पुऱ्या आणल्या, मिष्टी दोई, म्हणजे इथलं गोड दही, टांगून केलेलं श्रीखंड आणलं. (ते टांगायचं नसतं हे मला नंतर कळलं.) मेजोबाबू पूजेच्या गर्दीत तीन रात्री जागलेले होते. चार पुऱ्यांनंतर त्यांनी पट्टा सैल केला. शिपाई भाविक निघाला. म्हणाला, "दादा, माझीपण पूजा होईल?" आणि काडतुसं काढून खिशात टाकून त्याने आपली जुनी, लाकडी दस्त्याची रायफल रांगेत ठेवली. मी तिलाही हळदकुंकू वाहिलं. दीड तास गप्पा झाल्या. शिपायाने बजबजची, म्हणजे त्याच्या गावची, वर्णनं केली. मी माझ्या गाजलेल्या बातम्या सांगितल्या. कोणी मधे तोडलं नाही.

निघताना मेजोबाबू ओशाळून म्हणाले, "तक्रार लेखी आहे. तपासणीपुरत्या न्याव्या लागतील. वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कसलं? परत द्यायला याल ना?"

त्यांनी चादरीवरचं सगळं मोजलं, पंचनामा लिहिला, मी सही ठोकली. दोघांनी मिळून सगळ्या रायफली फुलांसकट खाली जीपमध्ये नेल्या. मी बाल्कनीतून हात हलवला.

तीन आठवड्यांनी रायफली परत आल्या. मेजोबाबू आले नाहीत, एक टेम्पोवाला आला. चादर पसरून मांडल्या. सात भरल्या. सातवीची नळी बुजवलेली नव्हती आणि दस्त्यावर सरकारी नंबर होता.

मी ती घेऊन तत्काळ ठाण्यात गेलो. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "ही तुमची आहे!"

कारकुनाने शांतपणे पंचनामा काढला. "जप्त सात. परत सात. खाली सही कोणाची?"

सही माझी होती. चौतीस वर्षं मंत्र्यांना विचारत आलो होतो, कागद न वाचता सही केलीत कशी?

"मग तो शिपाई?"

"तो बंदोबस्त संपल्यावर गेला. तो आमच्या रजिस्टरात नाही."

रायफल घ्यायलाही ते तयार होईनात. रेकॉर्डला एक जास्त होईल म्हणे. हालदारबाबूंना फोन केला, तर ते पोट धरून हसले. "बघा, शेवटचा माल तुम्हालाच मिळाला!"

सातवी मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. वरिष्ठांना चार पत्रं पाठवली, पोचपावतीसह. प्रत्येकात नंबर लिहिला, पत्ता लिहिला, आणि मी दिवसभर घरीच असतो हेही लिहिलं. कणीक तिघांपुरती भिजवून ठेवतो. ती रायफल न्यायला आजपर्यंत कोणीही आलेलं नाही.