लतीफमामांचा धूर

उन्हाळ्यात लतीफमामांच्या घरी गेलं की पाण्याआधी माफी मिळायची. आपण दारात चपला काढेपर्यंत ते खाटेवरून उठून उभे राहत, दोन्ही हात पोटाशी धरत आणि खाली बघून म्हणत, "लई तापलंय सर. माफ करा."

पहिल्यांदा मला वाटलं, घरातल्या उकाड्याबद्दल बोलतायत. मी म्हणालो, "अहो, पंखा चांगला फिरतोय की."

"पंख्याचं न्हाई. ह्या उन्हाचं म्हंतोय मी."

सांगण्याची तऱ्हा अशी, की जणू आपल्यासाठी चहा ठेवला होता आणि तो त्यांच्या हातून उतू गेला.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेच्या ग्रंथालयात कामाला. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकुलती मुलगी शमीम सासरी केंदूरला, शेतकऱ्याच्या घरी. सारी नोकरी वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून झाली. दौंडहून मनमाडकडे गाडी निघाली की ड्रायव्हर पुढं बघणार आणि मामा वाकून भट्टीत कोळसा लोटणार. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यामुळं ते ड्रायव्हर कधी झाले नाहीत. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "पुढचं दिसून काय करायचं," म्हणायचे, "रूळ बघतोय की तिकडं."

दारावर पाटी होती, 'फायरमन, रिटायर्ड'. या पाटीनं एकदा मोठा घोटाळा केला. गल्लीच्या टोकाला गवळ्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. लोक बादल्या घेऊन धावले, आणि कुणालातरी ती पाटी आठवली. दोघांनी मामांना दंडाला धरून जवळजवळ उचलून आणलं. मामा लुंगीवर, ज्वाळांपुढं उभे.

"मामा, बघता काय? सांगा की, पाणी कुठनं मारायचं?"

"आरं बाबा, मी पेटवणारा फायरमन हाय. इझवणारा न्हवं."

गवळी त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मामांनी पाटी मात्र काढली नाही. "खोटं कुठं लिवलंय," म्हणाले.

तोवर ते चारचौघांसारखेच होते. माफीचं प्रकरण सुरू झालं ते रेडिओमुळं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी, संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात कुणी जाणकार सांगत होते की, कोळसा आणि तेल जाळून जाळून हवा तापत चालली आहे, त्यामुळं पावसाचं वेळापत्रक बिघडेल, पिकांची आणि पाखरांची उपासमार होईल. आम्ही दोघं अंगणात बसून ऐकत होतो. मला त्यात नवं काही वाटलं नाही. असलं थोडंफार मी वाचलं होतं आणि वाचून कपाटात ठेवून दिलं होतं. मामांनी मात्र रेडिओ बंद केला.

"वेळापत्रक म्हनला न्हवं त्यो?"

"हो."

"मंग चौकशी बसनार."

रेल्वेत गाडी उशिरा आली की कारण लिहावं लागतं, आणि कारणापुढं एका माणसाचं नाव लागतं. आपोआप उशीर झाला, असं रेल्वेत कधी होत नाही. मामांनी हाच नियम पावसाला लावला. पाऊस लेट, थंडी लेट, म्हणजे कुणीतरी जबाबदार. कोळसा कुणी टाकला? आपण टाकला. चौकशी संपली, आरोप सिद्ध.

मी परोपरीनं सांगून पाहिलं. "मामा, जगभर कारखाने आहेत, मोटारी आहेत, विमानं आहेत. त्यात तुमचं एक इंजिन ते काय!"

"त्येंची चौकशी त्ये करतील. माझी मी करतोय."

शिक्षाही त्यांनीच ठरवली. बिडी सुटली. अंघोळ थंड पाण्याची. स्टोव्ह दिवसातून एकदाच पेटणार, संध्याकाळी शिळं तसंच खाणार. गल्लीत बोभाटा झाला की म्हातारा चिक्कू झाला. आणि मग माफ्या. बाजारात कोथिंबिरीची जुडी सुकलेली दिसली की भाजीवालीपुढं हात जोडत. ती बिचारी घाबरून म्हणे, "ऱ्हाऊ द्या चाचा, न्हाई घ्यायची तर नका घेऊ." ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरणींनी घरटी विणायला घेतली आणि पावसानं दडी मारल्यावर अर्धी टाकून दिली, तेव्हा मामा त्या लोंबत्या अर्ध्या घरट्यांखाली टोपी काढून उभे राहिले. मी शेजारी होतो. रस्त्यानं माझ्या शाळेतले शिक्षक येताना दिसले, तशी मला बाभळीच्या सालीत एकाएकी फार गोडी वाटू लागली.

शमीमकडं जायचं मात्र मामा टाळत. ती बोलावी, ते काहीतरी सबब काढत. एका वर्षी फाल्गुनात, ज्वारी काढणीला आलेली असताना, अवकाळी पाऊस झाला. सलग पडत राहिला. रेडिओवर केंदूरच्या शिरूर तालुक्याचं नाव आलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामा माझ्या दारात. "सर, चला माझ्यासंगं. एकट्यानं तोंड दावायचा धीर हुईना."

शिरूरला एसटी बदलून आम्ही केंदूरला पोचलो. जावई रशीद भला माणूस. त्यानं आम्हाला थेट रानात नेलं. ज्वारीची ताटं आडवी झाली होती. मोत्यासारखी पांढरी असायची ती कणसं भिजून काळी पडली होती. बांधावर होले आणि चिमण्या उतरत होत्या, एकेक दाणा उचलून टाकून देत होत्या. मामांनी एक कणीस तळहातावर चोळलं. हाताला काळं लागलं.

"ह्यो काळा रंग माझ्या वळखीचा हाय," म्हणाले.

"मामा, ही पावसानं काळी पडलीय," रशीद म्हणाला.

"व्हय. आन् पाऊस?"

परत येताना पारावर गावातली माणसं बसली होती. सगळ्यांचं तेच झालं होतं, सगळे गप्प होते. मामा त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. मी मागून सदरा ओढला, पण उशीर झाला होता. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि इंजिन, कोळसा, धूर, पाऊस असं सगळं अथपासून इतीपर्यंत सांगून गावाची माफी मागितली.

मग एक आप्पा तंबाखू मळता मळता म्हणाले, "पावणं, तुमीच पाडलाय म्हंजी बरंच झालं की. आता जून म्हयन्यात बी एक इंजिन सोडा आमच्याकडं!"

पार खदखदून हसला. शमीम डोक्यावर पदर घेऊन घाईनं आली तेव्हा हसणं चालूच होतं. तिनं वडिलांच्या दंडाला धरलं.

"आब्बा, एवढं मोठं काम तुमच्या एकट्याच्यानं झालं असतं तर रेल्वेनं तुमाला ड्रायव्हर न्हाई व्हय केलं?"

पुन्हा हशा. तीही हसली, पण घरात गेल्यावर तिचा चेहरा बदलला. पीठ चाळता चाळता, आमच्याकडं न बघता ती म्हणाली, "मला ह्या गावात ऱ्हायचंय, आब्बा. उद्या पाणवठ्यावर बाया माझी टिंगल करनार. हे खूळ जाईस्तवर तुमी येऊ नका."

"बरं," मामा म्हणाले.

जेवण झालं की नाही ते आठवत नाही. परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. तोंड बाहेर ठेवूनच बोलले.

"शमीमला रेल्वेतलंच स्थळ आलं हुतं, सर. चांगला पोरगा. मी न्हाई म्हनलो. बायकूला सांगितलं, रेल्वेत दिली तर जलमभर धूर खाईल. शेतकऱ्याच्यात दिऊ, भाकर खाईल." मग म्हणाले, "धूर तिथं बी पोचला."

ती काळी ज्वारी बाजारात कुणी घेईना. शमीमच्या घरी तीच खायची ठरली. हे कळल्यावर मामांनी दौंडच्या बाजारातून पांढरीशुभ्र ज्वारी घेतली आणि पोतं माझ्याबरोबर धाडलं. मला वर पढवलं: "म्हनावं, आब्बाला काळ्या ज्वारीची भाकर लई आवडती. लहानपनी खाल्ली हुती. त्येवढी धाडून दे, आन् त्या बदल्यात ही ठिवून घे."

शमीमनं कपाळाला हात लावला. "आता हे एक नवीन!" पण पोती बदलून दिली. अशा माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. ज्वारी संपल्यावरही दुसऱ्या काही ना काही निमित्तानं झाल्या. पुढच्या वर्षी पाऊस कमी पडला, त्याच्या पुढं त्याहून कमी, आणि मधल्या एका काढणीला पुन्हा अवकाळी येऊन काळ्या ज्वारीची पोती पुन्हा बदलली. दर खेपेला मी परत आलो की मामा स्टँडवर उभे असत.

"काय म्हनली?"

"बरी आहे. तुमची तब्येत विचारली."

"आजून?"

"एवढंच."

"बरं," म्हणून ते पोतं स्वतः खांद्यावर घेत. मला धरू देत नसत.

एकदा संध्याकाळी त्यांनी मला जेवायला ठेवून घेतलं. भाकरी राखेच्या रंगाची होती. पहिला घास चावला आणि कडवटपणा थेट घशाशी गेला, पाण्यानंही जाईना. मामा शांतपणे जेवत होते. त्यांच्या लक्षात आलं असावं. "माफ करा," म्हणाले, आणि माझ्या ताटातली भाकरी उचलून आपल्या ताटात घेतली.

गेल्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. मातीच्या दिवशी शमीम नीट रडली नाही. पाहुण्यांचं बघत राहिली. चार दिवसांनी घर आवरायला आली तेव्हा मी मदतीला गेलो. आवरण्यासारखं फार नव्हतंच. कोपऱ्यात तिच्याच घरचं पोतं होतं, तळाला थोडी काळी ज्वारी राहिली होती. ती पोत्याशी बसली.

"या ईदला बोलावनार हुते मी," म्हणाली. "म्हनलं, गाव विसरलंय आता." मग मान वर न करता तिनं विचारलं, "सर, आब्बाला खरंच ही आवडायची का वो?"

"हो," मी म्हणालो. "फार."

तिनं मूठभर दाणे काढले, फुंकर मारली आणि तोंडात टाकले. हळूहळू चावत राहिली. मध्येच तिचा चेहरा आक्रसला. थुंकेल म्हणून मी घाईनं मोरीकडं हात केला. तिनं मान हलवली, आणि सगळं गिळलं.