अकरा कुंड्यांचा कोच

"हा कोच पाचव्या सामन्यापर्यंत टिकला, तर मी मिशा काढून टाकीन," असं टायरवाल्या काकांनी जाहीर केलं. मिशांवर लावलेली ही त्यांची चौथी पैज. आधीच्या तिन्ही कोचनी वेळेवर नोकरी गमावून काकांच्या मिशा राखल्या होत्या.

सोफ्यावर काकांच्या शेजारी गणिताचे निवृत्त मास्तर आणि ऑफसाइड बसले होते. फुटबॉलात चेंडूआधीच पुढे पोचणाऱ्या खेळाडूसारखी ऑफसाइडना कुठेही बोलावण्याआधीच पोचायची खोड, म्हणून हे नाव. खरं नाव बहुतेक त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. सोफा दोघांचा, त्यात तिघे अंग चोरून बसलेले, आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची रिकामी. ती बाबांची. तिच्याबद्दल कोणी काही ठरवलेलं नव्हतं. फक्त तिथे कोणी बसत नव्हतं.

बाबांची मुलगी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता हे ऐकत होती आणि तिला बरं वाटत होतं. बाबा मागच्या मोसमाच्या शेवटी गेले. ही चौकडी वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून एकाच क्लबला शिव्या घालत आलेली. बाबा गेल्यावर उरलेले तिघे दर रविवारी तिला भेटायला येऊ लागले, पण भेटायला आलेली माणसं जपून बोलतात. हवा कशी आहे, पंखा आवाज करतो का, तुझं वाचनालय कसं चाललंय. हळूहळू विषय आटले. एका रविवारी नुसते ऑफसाइड आले, वेळेआधी आले आणि वेळेआधीच गेले. घरात अशी शांतता झाली की फ्रिजची घरघर थांबली तरी तिला कोणी उठून गेल्यासारखं वाटे.

आणि मग क्लबचा नवा कोच नेमका तिच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहायला आला.

त्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. कुठल्याशा छोट्या क्लबातून आलेला. पत्रकारांनी काही विचारलं की "बघू" म्हणायचा. ज्या क्लबचा कोच "बघू" म्हणतो, त्या क्लबकडे पुढे बघवत नाही, असं मास्तरांचं मत. तिघेही पुन्हा दर रविवारी येऊ लागले आणि मोठमोठ्याने बोलू लागले. तिच्या हातचा चहा पहिल्यांदाच दोन-दोनदा लागू लागला.

"पोरी, तो घरी काय करतो, काही दिसतं का?" काकांनी विचारलं.

वाचनालयातल्या माणसाला नेमकं सांगायची सवय असते. ती म्हणाली की गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याची गॅलरी दिसते, आणि तो तिथे कुंड्या मांडत असतो.

"किती?" मास्तर.

"अकरा असतील."

तिघांचे कप हवेतच थांबले. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. भिंतीला टेकून एक, तिच्यापुढे ओळीने पाच, मग चार, आणि कठड्याजवळ एकटी एक, असं तिने जसं होतं तसं सांगितलं.

"पाच जण बचावाला," काका कपाळ धरून म्हणाले. "घरच्या मैदानावर."

"आणि पुढची ती एकटी कशी आहे?"

"उंच. जरा सुकलेली."

"कॅप्टन," ऑफसाइड हळूच म्हणाले, आणि खोलीत सुतक पडल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी ती दात घासत असतानाच ऑफसाइड दारात हजर. त्या आठवड्यात उंच कुंडी कठड्यापासून हलून मोरीच्या कोपऱ्यात गेली होती. तिने तेही सांगितलं. कॅप्टनला संघाबाहेर बसवणार, हे सोफ्यावर ठरून गेलं. तिथून ती बातमी टायरच्या दुकानात गेली, आणि पंक्चर काढायला आलेला प्रत्येक माणूस एका चाकात हवा आणि डोक्यात वारं भरून बाहेर पडला. दोन दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात प्रश्नचिन्हासकट मथळा आला. कॅप्टनचा गुडघा अचानक दुखायला लागला आणि तो सरावाला येईना. पाठीराख्यांच्या मंडळाने ठराव केला, की पहिल्या सामन्यात सगळ्यांनी कोचकडे पाठ फिरवून उभं राहायचं. त्याआधी सोमवारी क्लबच्या कार्यालयावर जाऊन त्याला काढायची मागणी करायची.

तिची झोप उडाली. वरून पावलांचा आवाज आला की ती दिवा लावून उठून बसे. एका माणसाची नोकरी जाणार, आणि तीही तिने सांगितलेल्या कुंड्यांपायी. "काका, त्या नुसत्या कुंड्या आहेत हो," असं ती दोनदा म्हणालीही. पण मास्तर म्हणाले, योगायोग एकदा होतो, दोनदा होतो, अकरा वेळा होत नाही. तिसऱ्यांदा म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आणखी चहा हवा का, असं विचारलं. कुंड्या नुसत्या कुंड्या ठरल्या, की तिघे पुन्हा पंख्याबद्दल बोलायला लागतील, याची तिला त्याहून जास्त धास्ती होती.

सोमवारच्या आदल्या दिवशी तिघांना डोळ्यांनी पुरावा बघायचा होता. गच्चीला गळतीच्या दुरुस्तीसाठी कुलूप लागलेलं. मास्तरांनी डोकं लढवलं: जळमटं काढायच्या लांब काठीला आरसा बांधायचा आणि तिच्या गॅलरीतून वर धरायचा.

घरात काठीला बांधता येईल असा एकच आरसा होता. बाथरूममधला, बाबांचा दाढीचा. इतक्या महिन्यांत तिने तो पुसलाही नव्हता. ती बराच वेळ आत राहिली. मग खिळ्यावरून काढून तिने तो आणून दिला. म्हणाली, "जपून."

काकांनी काठी धरली, मास्तर कोन सांगत होते, ऑफसाइड कोणी सांगायच्या आतच अर्धे कठड्याबाहेर होते. आरशात आधी आभाळ दिसलं, मग कुणाची तरी चादर, मग कुंड्यांची एक ओळ, आणि मग कोचचा चेहरा. तो आरशातून त्यांच्याकडेच बघत होता.

काठी वरून अलगद ओढली गेली. काकांनी ती सोडली नाही. टायरवाल्याची पकड ती. थोडा वेळ रस्सीखेच झाली, आणि काठी काकांकडे राहिली, आरसा वर गेला. तिचा जीवही त्याच्याबरोबर गेला. मग जिन्यात पावलं वाजली.

दारात कोच उभा होता. बोटांना माती, हातात आरसा. "तुमचा का?"

तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कडेचा जुना तडा बघितला, नवा शोधला. नव्हता. सोफ्यावर तिघे फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ. कोचने बसायला जागा बघितली, एकच दिसली, तिथे बसला. वेत करकरला. तो आवाज ती विसरूनच गेली होती. तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. ती चहा ठेवायला आत गेली.

कुंड्या बायकोच्या होत्या, असं त्याने सांगितलं. ती मुलांची शाळा संपली की येणार होती, आणि तोवर झाडांना उन्हाप्रमाणे हलवत राहायची त्याला सक्त ताकीद होती. उंच झाड मरायला टेकलं होतं, म्हणून सावलीत ठेवलेलं.

"मग कॅप्टन?" मास्तरांना राहवलं नाही.

"त्याला तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्ही सांगा, कुठे खेळवू?"

मग तासभर तिघे एकदम बोलत होते आणि कोच मान डोलावत ऐकत होता. बाबा असते तर चौघे एकदम बोलले असते. तो निघाला तेव्हा ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

परत आली तर सोफ्यावर अवकळा पसरलेली. मंडळाला सांगून सोमवारचा मोर्चा रद्द करायचं ठरलं होतं, पण चेहरे आधीपेक्षा पडलेले.

"हा आपल्याला विचारतो," काका म्हणाले. "आपल्याला!"

"क्लब बुडाला," मास्तर म्हणाले.

ऑफसाइडनी ठरवून टाकलं, की असल्या माणसाला मोकळं सोडण्यात अर्थ नाही. पूर्ण मोसम दर रविवारी इथे येऊन त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं. काकांनी मिशांवरून हात फिरवत होकार दिला.

तिने आरसा पुसून खिळ्यावर लावला. दारात काय बोलणं झालं, ते तिने तिघांना सांगितलं नाही. कोचने चपला घालता घालता हळू आवाजात विचारलं होतं, "यांच्यातल्या कोणाचं ऐकायचं नाही?"

"तिघांचंही," ती म्हणाली होती. "पण दर रविवारी विचारायला मात्र या."