जिन्याखालचे चार हजार गुण

पृथ्वी वाचवणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न क्षुद्र माणसं मनातल्या मनात विचारतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो ‘हरित गृहसंकुल स्पर्धे’च्या कार्यालयाला लेखी विचारला. उत्तर आलं: फिरती ढाल, वर्तमानपत्रात फोटो, आणि पुढच्या वर्षी परीक्षक मंडळात खुर्ची. त्याच संध्याकाळपासून सेक्रेटरींना हिमनद्यांची काळजी वाटू लागली.

स्पर्धेचा नियम एकच आणि निर्मळ होता. जी सोसायटी पुनर्प्रक्रियेसाठी सर्वांत जास्त भंगार पाठवेल, ती निसर्गाची सर्वांत लाडकी. किलोला एक गुण. पहिल्या महिन्यात आमचे गुण भरले अकरा. त्यातले सहा एका तुटक्या खुर्चीचे. शेजारच्या सोसायटीचे तीनशे चाळीस. (तिथली माणसं निसर्गावर फार प्रेम करतात. काहीही ठेवत नाहीत.)

चौकशी समिती नेमली गेली. गुन्हेगार जिन्याखालीच सापडला.

खटपटकाका तिथे एकवीस वर्षं बसत होते. पंखे, मिक्सर, छत्र्या, बॅगांच्या चेनी. मेलेलं काहीही आणून टाका, काका संध्याकाळपर्यंत उठवून देत. त्यांचं घर याच पक्कडीवर चालायचं. समितीच्या अंदाजाप्रमाणे त्यांनी चार हजार किलो कचरा होऊच दिला नव्हता. म्हणजे चार हजार गुणांवर डल्ला, तोही दिवसाढवळ्या.

सेक्रेटरी जातीने खाली आले.

“काका, रविवारपर्यंत जागा मोकळी करा.”

“का हो साहेब, काय चुकलं? तुमच्या आईंचा पंखा परवाच चौथ्यांदा चालू करून दिला.”

“तेच तर! अहो, तो चारदा भंगारात जायचा राहिला.”

“पण फिरतोय ना?”

“फिरतोय हो. म्हणून काय तोच बघत बसायचं? निसर्गाचा काही विचार?”

“मग मी कुठं बसू?”

“निसर्गातच बसा की. केवढा मोठा आहे!”

सभेत ठराव सर्वानुमते मंजूर झाला. (गैरहजर सभासदांची संमती धरण्यात येते.) हात वर करताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची छत्री खाली आपटली. दांडा काकांनी बसवलेला होता, म्हणून तुटली नाही.

काकांचे सुट्या भागांचे डबे सर्वांत आधी काट्यावर चढले. दोनशे बारा किलो! पक्कड तेवढी सेक्रेटरींनी परत दिली. पाव गुणाचा त्याग केला माणसाने. निरोपादाखल एक कापडी पिशवीही दिली, ‘पृथ्वी एकच आहे’ असं छापलेली. फाटकापाशी तिचा बंद निसटला. काका तिथेच कट्ट्यावर टेकले, खिशातून सुई-दोरा काढला, बंद शिवला आणि गेले. सोसायटीच्या आवारातली ही शेवटची दुरुस्ती. गुण: शून्य.

पुढे सगळं आशादायकच घडलं. मिक्सर घरघरला की पूर्वी लोक कपाळाला हात लावायचे, आता हसतमुखाने काट्याशी रांग लावतात. नवा घेताना म्हणतात, “तेवढाच आपला खारीचा वाटा!” सेक्रेटरींच्या आईंचा पंखा सात किलो भरला. “चांगला फिरत होता रे मेल्या,” असं त्या म्हणाल्या. (हे विधान इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

ढाल आली. अंतिम हिशेब असा: सेक्रेटरींना ढाल, फोटो, खुर्ची. सोसायटीला अठराशे गुण आणि एकोणतीस नवे पंखे. पृथ्वीला आभाराचा ठराव. काकांची गेली जागा, आणि जागेबरोबर चूल.

अलीकडे बरेच जण हळूच विचारतात, तुम्हीही विचारणार असाल: “काकांचा पत्ता आहे का हो? पंखा जरा खुटखुटतोय.” पत्ता कोणीच घेतला नव्हता. इतिवृत्त मात्र आहे, हवं तर बघा. काकांना काढणाऱ्यांत तुमचंही नाव आहे.

त्या दिवशी तुम्ही गैरहजर होतात.