बटणाच्या मापाचा फिल्टर

"फिल्टर विकत आणू? मी जिवंत असताना?" टेलरमास्तरांनी गळ्यातला टेप झटकला. "ज्या हातांनी अस्तराचे कोट उभे केले, त्यांना एक बाटली कापता येणार नाही?"

मंडळी, माणूस असं बोलला की देव वर बसून गालातल्या गालात हसत असणार!

मास्तरांची लेक आठ दिवसांच्या सहलीला गेली होती. जाताना काचेची टाकी आणि तिच्यातला सोनेरी मासा बापाच्या हवाली केला होता. मासा गोल, चपटा, चकचकीत. म्हणून त्याचं नाव बटण. "बाबा, बटणाला काही झालं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही!" लेकीनं बजावलं होतं. आज ती पाच वाजता परतणार आणि टाकीतलं पाणी धुणं पिळल्यासारखं गढूळ! कोपऱ्यातली काळी डबी (मास्तरांच्या मते बटणाचं घर) तेवढी पुसट दिसत होती. बटण आहे की नाही, हे श्रद्धेवर सोडायचं.

मास्तर कामाला लागले. बाटलीचं बूड कापलं, आत स्पंज, वर धुतलेले खडे. स्पंजाला मलमलीची खोळ, तीही दुहेरी टीप मारून! जुन्या कूलरचा पंप टाकीत सोडला. त्यानं घाण पाणी वर बाटलीत चढवायचं, बाटलीनं ते गाळून पाइपातून परत टाकीत सोडायचं.

पाइप वीतभर पुरला असता. पण शिवणीत जादा कापडाची माया न ठेवता मास्तरांनी उभ्या आयुष्यात काही कापलं नव्हतं. विजारीला दोन इंच, झग्याला तीन. पोरं वाढतात, पोटं सुटतात! पाइपाला त्यांनी चांगली दोन हात माया ठेवली आणि जादा वेटोळं टाकीच्या काठावर टेकवलं.

"अहो, एवढा लांब?" बायकोनं विचारलं.

"असू दे गं. पुढेमागे लागतो."

इस्त्रीशेजारी पंपाची पिन खोचली. पंप गुरगुरला, पाणी चढलं. मास्तरांनी देवाला हात जोडले आणि टाकीकडे पाठ करून निवांत विजारींना इस्त्री करू लागले. इकडे वेटोळं पाण्यानं जड झालं, काठावरून घसरलं आणि पाइपाचं तोंड टेबलामागे भिंतीच्या फटीत जाऊन पडलं. आवाजसुद्धा नाही!

अर्ध्या तासात दारावर धडाधड थापा! खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर.

"मास्तर, तुमचा नळ फुटलाय! माझ्या छतातून धार लागलीय! खुर्चीतला पेशंट तोंड उघडून बसलाय, त्याला वाटतंय मीच चूळ भरायला पाणी देतोय!"

"आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे हो!"

डॉक्टर न्हाणीघरात घुसले, नळ तपासले, भिंतीवर टकटक केली. "भिंतीतला पाइप किडलाय!" असं निदान करून ते खाली धावले आणि त्यांनी अख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं.

तेवढ्यात बायको किंचाळली, "अहो, टाकी!"

टाकीत दोन बोटं पाणी! बटण आडवं पडून तोंड उघडत-मिटत होतं. मास्तर नळाकडे धावले. नळातून नुसतं फुस्स! घरात पाणी उरलं होतं ते इस्त्रीच्या फवाऱ्यात आणि सकाळी भरून ठेवलेल्या किटलीत.

"देवा, आता तूच बघ रे बाबा!" म्हणत मास्तरांनी ओंजळीत बटण उचललं आणि किटलीत सोडलं. इतक्यात दार उघडलं. लेक! तिनं पिशवी फेकली, तडक स्वयंपाकघरात गेली आणि किटली शेगडीवर ठेवली.

"आई, आधी चहा!"

"थांब!" दोघं एकदम ओरडली. "त्यात बटण आहे!"

लेकीनं झाकण काढलं. आतून बटणानं शेपटी हलवली. लेकीचा जीव भांड्यात पडला. बटणाचा आधीच पडला होता.

मग ती टाकीपाशी गेली. "बाबा, हे काय?"

"फिल्टर. घरी शिवलेला."

"आणि पाइप एवढा लांब?"

"वाढत्या अंगाचं आहे ना गं ते..."

"पण फिल्टर होता की!" लेकीनं कोपऱ्यातल्या काळ्या डबीकडे बोट केलं. "हा काय! आणि ह्याची पिन कोणी काढली?"

मास्तरांनी बोर्डाकडे पाहिलं. त्या जागी आठ दिवस इस्त्री खोचलेली होती.

"कोणास ठाऊक!" म्हणत त्यांनी हळूच इस्त्रीची पिन उपटली. खरं काय ते फक्त देवाला आणि किटलीतल्या बटणाला माहीत होतं. दोघंही भले, दोघंही बोलले नाहीत.